भुऱ्याचं पोट आणि मामाजींचा हात

कुत्र्याच्या आजारपणावर कोणी लिहितं का, असं आमच्या यांनी मला विचारलं. मी म्हटलं, माणसाच्या दुखण्यावर लिहिणारे ढिगानं आहेत. माणसाला निदान इथं दुखते, तिथं दुखते असं सांगता तरी येतं. कुत्र्याला तेवढंही येत नाही आणि त्याच्या घरच्यांना काही म्हणता काही कळत नाही. नागपूरच्या दवाखान्यात बाकावर माझ्या बाजूला एक बाई मांडीवर कुत्रं घेऊन रडत होती. तिला धीर द्यायला मला एक शब्द सुचला नाही. तेव्हाच ठरवलं होतं की आमचं निभावलं तर लिहीन. अगदी छातीठोकपणे निभावलं असं अजून म्हणवत नाही. पण या क्षणी भुऱ्या माझ्या शिलाई मशीनच्या पायडलजवळ झोपला आहे, तेव्हा लिहून टाकते.

आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. मी पवनीजवळच्या कोंढ्यात ब्लाउज शिवते. हे वाचून कोणी उद्यापासून आपल्या कुत्र्यापुढे कच्चं मांस टाकायला जाऊ नका. जनावरांच्या डॉक्टरला विचारा आणि मग काय ते करा. आमचं जे झालं ते आमच्या घरचं आहे.

*

आमचं घर दंडवत प्रणामवालं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणीच महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. तेव्हापासून या घरात मांस, मच्छी, अंडं काही शिरत नाही. माझं माहेर दिघोरीचं. तिकडे बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, जाळं पडलं की संध्याकाळी घरोघरी मच्छीचा रस्सा. लग्न होऊन इथं आले आणि ते सगळं सुटलं. आधी जड गेलं, मग सवय झाली, मग वासही नकोसा झाला.

भुऱ्या आला तो आत्याबाई गेल्या त्या दिवसांत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात पाहुण्यांची ये-जा, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही, आणि एक भुरकं पिल्लू छपरीत येऊन मामाजींच्या खाटेखाली बसलं. मामाजी तेव्हा जेवत नव्हते. ताट ठेवलं की दोन घास खायचे अन् उठायचे. पिल्लू खाटेखालून तोंड काढून बघत राहायचं. एक दिवस मामाजींनी ताकभाताचा घास उचलून त्याच्यापुढे धरला, तर त्यानं बोटंसुद्धा चाटून साफ केली. तेव्हापासून नेमच झाला. मामाजी जेवायला बसले की भुऱ्या ताटाच्या उजव्या बाजूला, आणि शेवटचा घास त्याचा. तो शेवटचा घास यावा म्हणून मामाजी आधीचं सगळं जेवायला लागले. त्या पिल्लाचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी तेव्हाच मानलं होतं.

आता यातली गंमत ऐका. पिल्लू असताना भुऱ्या एकदा कुठूनतरी हाड तोंडात धरून घरी आला. मामाजींनी त्याला मारलं नाही. हाड कागदात धरून दूर टाकून आले, त्याला हौदावर नेऊन आंघोळ घातली, त्याचं तोंड धुतलं आणि त्याच्यासमोर उकिडवं बसून समजावलं की आपल्या घरी हे चालत नाही. असं दोन-तीनदा झालं असेल. मग भुऱ्यानं हाडाकडे बघणंच सोडलं. बाजाराच्या दिवशी कोंबडीवाल्याच्या दुकानासमोरून मामाजींच्या मागे मान खाली घालून जायचा. गाव त्याला दंडवत कुत्रा म्हणायचं आणि हसायचं. मामाजींना त्याचा कोण अभिमान. आम्हालाही होता, उगाच खोटं कशाला बोलू.

*

पोट बिघडलं ते धान कापणीच्या सुमारास. आधी वाटलं, खळ्यावर काहीबाही खाल्लं असेल. आमच्याकडे पोट बिघडलं की पेज, तापातून उठलं की पेज, बाळंतिणीलाही पेजच. धानाच्या मुलखात दुसरं काय असणार. मी जिरं घालून पातळ पेज केली, मामाजींनी वाटीत बोट बुडवून बुडवून चाटवली. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. मग मऊ भात आणि ताक. मग बेलाचा गर. मग पुन्हा पेज. तो जितका बिघडला तितका आम्ही त्याला भात चारला, आणि तेही किती मायेनं.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस, पण त्यांचं सगळं आयुष्य गाई-बकऱ्यांत गेलेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं की जुलाब थांबायचे आणि औषध संपलं की परत यायचे. असं किती वेळा झालं त्याचा हिशेब राहिला नाही. उलट्या सुरू झाल्या, मग जुलाबात रक्त दिसायला लागलं. फासळ्या मोजून घ्या अशा झाल्या.

मला सगळ्यात जास्त कशानं रडू यायचं सांगू? भुऱ्या आधी कधी अंगणात घाण करायचा नाही. आता त्याला बांधीपर्यंत, समोरच्या धानाच्या शेतापर्यंत, जाणंच होत नव्हतं. माझं सारवलेलं अंगण घाण झालं की तो गुरांच्या कोठ्यामागे जाऊन लपायचा आणि हाक मारली तरी यायचा नाही. मी त्याला एकदाही रागावले नाही. तरी तो माझ्याकडे बघायचा नाही, तोंड फिरवून भिंतीकडे बसायचा. मी शेणाचा बादला घेऊन तिथंच उभी राहायचे.

*

माझी मुलगी प्रणाली नागपुरात नोकरी करते. तिनं तिथल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात नंबर लावला. आमचे हे राईस मिलमध्ये कामाला आहेत, त्यांनी मालकाची जुनी गाडी मागून आणली. मामाजींना म्हटलं तुम्ही घरी थांबा, तर ते धुवट धोतर नेसून, पांढरी टोपी घालून आधीच गाडीत जाऊन बसले होते.

त्या दवाखान्यातली कुत्री म्हणजे एकेक. एकाच्या अंगात स्वेटर, एकीच्या कानाला फीत. आमचा भुऱ्या गाईच्या दाव्यानं बांधलेला. मला आधी लाज वाटली आणि मग लाज वाटल्याचा राग आला. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, प्रणालीपेक्षा थोडी मोठी असेल. भुऱ्याचं पोट दाबून बघताना त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती, ते मला आवडलं. काय खातो म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, भात. आणखी काय? ताकभात. वरणभात. कधी दूधभात. मांस, अंडी? आमच्याकडे चालत नाही. तिनं पेन खाली ठेवून आमच्या तिघांकडे बघितलं.

रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली, आम्ही दिवसभर बाकावर बसून होतो. शेवटी तिनं सांगितलं की आतड्याला सूज आहे आणि ती जुनी आहे. धान्य आणि दूध याला झेपत नाही असं दिसतं, ते आधी बंद. आणि हे पूर्ण बरं होणारं दुखणं नाही, सांभाळायचं दुखणं आहे. मी "बरं" म्हटलं, जणू तिनं मला ब्लाउजचं माप सांगितलं होतं. काही कळतच नव्हतं.

मामाजींनी एवढंच विचारलं, "भात बी?"

"भातच आधी, बाबा," ती म्हणाली.

 परतताना गाडीत भुऱ्या मामाजींच्या मांडीवर मान टाकून पडला होता. भिवापूर गेल्यावर मामाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीच चारत होतो त्याले."

*

पिशवीतलं औषधी खाणं दिलं होतं ते त्यानं थोडे दिवस खाल्लं आणि मग सगळं उलटून टाकलं. डॉक्टरनं फोनवर सांगितलं, कोंबडी उकडून देऊन बघा, नुसती, मीठही नको.

आता कोंबडी कुठून आणायची? मला काय माहीत. मी म्हटलं कोणाला तरी विचारावं लागेल. तर आमचे हे म्हणाले, "पवनीच्या रोडवर तो बसते ना, त्याच्याजवळ सकाळी ताजी भेटते. तंगडी वेगळी मागतली तरी देते." मी त्यांच्याकडे बघितलं. मामाजींनी भिंतीकडे बघितलं. इतक्या वर्षांचं झाकलेलं एका दमात उघडं पडलं आणि त्या दिवशी भांडायलाही कोणात ताकद नव्हती. मी म्हटलं, "मग घेऊन या."

कोठ्यामागे वेगळी चूल मांडली, शिजवायला वेगळा गंज, कापायला वेगळा विळा. इतक्या वर्षांनी माझ्या हाताला मांस लागलं. नाकाला पदर बांधून उकडलं, गार केलं, भुऱ्यापुढे ठेवलं. त्यानं हुंगलं आणि मागे सरला. हातानं तोंडात घातलं तर जिभेनं बाहेर ढकललं. दोन दिवस, तीन दिवस हाच प्रकार. जबरदस्तीनं दोन तुकडे पोटात गेले तेही बाहेर आले.

मग कच्च्याची गोष्ट निघाली. प्रणालीनं मोबाइलवर कुठंतरी बघितलं होतं की काही कुत्र्यांना शिजलेलं सोसत नाही पण कच्चं सोसतं. मी डॉक्टरला विचारलं. ती सरळ बोलली. म्हणाली, मी आग्रह करणार नाही, कच्च्या मांसात जंतू असतात, सगळे डॉक्टर याला हो म्हणणार नाहीत. पण काहीच टिकत नसेल तर माझ्या नजरेखाली करून बघू. त्याच दिवशीचं ताजं, बारीक कापलेलं, भांडी वेगळी, हात साबणानं. सोबत काळीज किती, हाडाचा चुरा किती, तेही तिनं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, प्रत्येक कुत्र्याचं माप वेगळं असतं. आणि शेवटी म्हणाली, "घरातल्या म्हाताऱ्या माणसाला यापासून दूर ठेवा. त्यांना बाधू शकतं."

मी कच्चं ठेवलं. भुऱ्यानं या वेळी हुंगलं आणि मागे सरला नाही. लाळ गळत होती त्याची, मी डोळ्यांनी बघितली. त्यानं मांसाकडे बघितलं, मग मान वर करून छपरीत बसलेल्या मामाजींकडे बघितलं. मग तोंड फिरवून पडून राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला भूक होती. तो ऐकत होता. लहानपणी हौदावर बसवून जे शिकवलं होतं, ते जीव जायला आला तरी पाळत होता.

*

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. रोज त्याला उचलून इथल्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं, तिथल्या कडुनिंबाला सलाईनची बाटली टांगायची, मामाजींनी खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं. घरी आलं की मी वाटी पुढे करायची, त्यानं मामाजींकडे बघायचं. मामाजी उठून आत जायचे. मला वाटायचं, मामाजींच्या लक्षात येत नाही की काय. नंतर कळलं, त्यांना माझ्या आधीच कळलं होतं.

यांच्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. हे म्हणाले, बाबांना यात ओढायचं नाही, साऱ्या जन्माचा नेम आहे त्यांचा, कुत्रं आहे, जाईल तर जाईल. म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांचा डबा न उघडताच परत आला. डॉक्टर म्हणते म्हाताऱ्याला दूर ठेवा. धर्म म्हणतो दूर ठेवा. नवरा म्हणतो दूर ठेवा. आणि कुत्रं त्या एकाच माणसाकडे बघून राहिलं आहे. मी वाटी घेऊन मधात उभी. इतकी असहाय मी माझ्या बाळंतपणातही नव्हते.

एका सकाळी सलाईनवाल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता शिरही सापडत नाही, पोटात काही गेलं तरच. घरी आले आणि माझा बांध फुटला. सासऱ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी म्हटलं, "मामाजी, नाही खायचं म्हून तुम्हीच शिकवलं त्याले. आता चालते म्हून तुम्हीच सांगा. माह्या सांगण्यानं नाही ऐकत तो."

मामाजी म्हणाले, "उपदेश घेतलेला माणूस आहो मी, बाई. माह्या हातानं कसं होईन?"

आणि उठून बांधीकडे निघून गेले. मी दारात उभी. आत भुऱ्याचा श्वास ऐकू येत होता, समोर शेताच्या धुऱ्यावर मामाजींची पांढरी टोपी दिसत होती. या दोघांपैकी कोणाजवळ जाऊ, मला कळेना. मी कुठंच गेले नाही. तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले.

ऊन चढल्यावर मामाजी परत आले. हौदावर हातपाय धुतले. टोपी काढून खुंटीला लावली. मग कोठ्यामागे आले, जिथं मांसाची चूल मांडल्यापासून त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. भुऱ्याला मी ऊन चढताना तिथं आणून पोत्यावर निजवलं होतं. त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि हात पुढे करून मला म्हणाले, "आन."

मी त्यांच्या तळहातावर मांसाचे बारीक तुकडे ठेवले. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि हात भुऱ्याच्या तोंडाशी नेला.

"खा बापा. आता चालते. मी सांगून राहिलो, चालते."

भुऱ्यानं हात हुंगला. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं, कितीतरी वेळ. मामाजींना पुन्हा सांगावं लागलं. तेव्हा कुठं त्यानं एक तुकडा उचलला. मग दुसरा. मग बोटं चाटली, पिल्लू असताना चाटायचा तशी.

मामाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, मांसानं भरलेले होते. आमच्याकडे सून सासऱ्याच्या तोंडाला हात लावत नाही. मी पुढे होऊन पदरानं त्यांचे डोळे पुसले.

*

खाल्लेलं पोटात राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. हळूहळू जुलाब कमी झाले, आणि एक दिवस भुऱ्या स्वतःच्या पायानं बांधीपर्यंत जाऊन घट्ट शी करून आला. मी शेजारणीला हात धरून नेऊन ती दाखवली. तिला वाटलं ही बाई आता येडी झाली. ज्याच्या घरी असं दुखणं आहे त्यालाच कळेल मी काय म्हणते ते.

पण हे काही एका घासात संपलं नाही. भुऱ्या दुसऱ्या कोणाच्या हातचं घेईना. डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी मामाजींना रबरी हातमोजे आणून दिले, तर भुऱ्या त्या मोज्याकडे बघून मागे सरला. मामाजींनी मोजे काढून ठेवले. दोन वेळा चारायचं, दोन वेळा साबणानं हात धुवायचे, आणि त्यांच्या मनाचं समाधान होत नाही म्हणून दोन वेळा आंघोळ. थंडीचे दिवस. मी पाणी गरम करून ठेवायची तर गरम होईपर्यंत थांबायचे नाहीत.

गावातल्या पंथाच्या आश्रमात रोज संध्याकाळी जाणं त्यांनी बंद केलं. तिथं त्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं, गावात तोंडावर तरी कोणी बोललं नव्हतं. त्यांनी आपल्या आपणच सोडलं. संध्याकाळी आश्रमाकडून प्रार्थनेचे आवाज यायला लागले की खाटेवर उठून बसायचे आणि ऐकायचे. मी म्हटलं, जा ना मामाजी, देवाला सगळं दिसते. ते म्हणाले, "त्याले दिसते म्हून तर."

आणि तो शेवटचा घास. भुऱ्या अजूनही जेवणाच्या वेळी ताटाच्या उजव्या बाजूला येऊन बसायचा. मामाजी घास हातात धरायचे आणि म्हणायचे, नाही बापा, आता हे नाही चालत. बिचाऱ्याला काय वाटत असेल? जे चालत नव्हतं ते चालते, जे चालत होतं ते चालत नाही. आम्ही सगळे ठार वेडे वाटत असू त्याला. तो हट्ट करायचा नाही, नुसता हाताकडे बघत बसायचा. मग मामाजींच्यानं पुढं जेवणं होईना. पुन्हा दोन घास खाऊन उठायला लागले, आत्याबाई गेल्या तेव्हासारखे. भुऱ्याच्या अंगावर मांस चढत होतं आणि मामाजींच्या गळ्याची हाडं वर येत होती. मी एकाचं सावरायला गेले तर दुसऱ्याचं सुटत होतं.

मधात एकदा भुऱ्याचं पोट पुन्हा बिघडलं. आम्ही सगळं तपासलं. मांस ताजं, भांडी स्वच्छ, कोणी काही खाऊ घातलं नाही. डॉक्टर म्हणाली, असं अधूनमधून होणार, कारण सापडेलच असं नाही. मला वाटलं, आपली काही चूक निघाली असती तर बरं झालं असतं. निदान ती सुधारता आली असती. थोड्या दिवसांनी ते आपोआप बसलं. काहून बसलं तेही कळलं नाही.

*

मग मामाजीच पडले. छातीत कफ, अंगात ताप. गार पाण्याच्या आंघोळीनं की आणखी कशानं, कोण सांगणार? पवनीच्या डॉक्टरांनी औषधं दिली, खाटेवरून उठायचं नाही म्हणून बजावलं. भुऱ्या खाटेखाली जाऊन बसला. मी वाटी पुढे केली, तोंड फिरवलं. यांनी केली, तोंड फिरवलं. दिवस गेला, दुसरा उजाडला. त्याच्या फासळ्या मला पुन्हा दिसायला लागल्या, किंवा तसा भास व्हायला लागला.

मामाजी खाटेवरून सगळं बघत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "मी गेल्यावर काय करशीन, बाई?"

मी रागावले, असं भलतंसलतं बोलू नका म्हटलं.

"भलतं नाही. विचारून राहिलो. सांग."

मी औषधाची बाटली उगाच झाकण काढून पुन्हा लावली.

ताप उतरला त्या सकाळी मामाजी शाल गुंडाळून कोठ्यामागे आले. मागोमाग भुऱ्या. मी वाटी त्यांच्याकडे सरकवली तर म्हणाले, "तू धर." मी तळहातावर तुकडे घेतले. त्यांनी आपला हात माझ्या हाताखाली धरला, घास धरतात तसा, आणि भुऱ्याला म्हणाले, "इच्या हातचं बी चालते. खा."

त्यानं खाल्लं. उपाशी होता, भराभर खाल्लं.

मग रोज असंच. आधी त्यांचा हात माझ्या हाताखाली. काही दिवसांनी मनगटाला. मग नुसती दोन बोटं माझ्या कोपराला लावून बसायचे. ते काय करून राहिले हे मला कळत होतं आणि मला ते नको होतं. एखाद्या दिवशी भुऱ्यानं माझ्या हातचं नाकारावं असं मनात यायचं. तोंडानं मात्र मीही म्हणायची, खा बापा, चालते.

परवाच्या दिवशी भुऱ्यानं वाटी संपवली आणि मी बाजूला बघितलं तर मामाजींचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. कोरडे, स्वच्छ. किती वेळापासून तसे होते कोणास ठाऊक.

"आता तू चारत जा," ते म्हणाले. "मी आहो तोवर बाजूले बसतो."

मला म्हणायचं होतं, मले नाही जमत मामाजी, तुम्हीच चारा, शंभर वर्षं चारा. मी वाटी घासायला घेतली.

दुपारी त्यांना ताकभात वाढला. भुऱ्या उजव्या बाजूला बसला होता. मामाजी हळूहळू सगळं जेवले. शेवटचा घास हातात धरला, भुऱ्याकडे बघितलं, आणि तो घास स्वतः खाल्ला. ताटात एक शीत राहिलं नाही.

संध्याकाळी आश्रमाकडून आवाज यायला लागले तेव्हा त्यांनी खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. भुऱ्या त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला. मामाजींनी वळून त्याला घरी राहायला सांगितलं. तो तिथंच उभा राहिला, ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत. मग परत आला, माझ्याजवळ मशीनखाली अंग टाकलं आणि पायडलवरच्या माझ्या पायाला नाक लावून झोपला. मी शिवणं थांबवलं. मामाजी परत येईपर्यंत पाय हलवला नाही.